न ओढलेली विडी

आयुष्यात मी विडी ओढलेली नाही. ओढणार कधी? कितीतरी वर्षं पेट्रोल पंपावर उभा आहे, आणि तिथे कोणी काडी पेटवली की सगळ्यात आधी मीच खेकसतो. तरी लोधिवलीतल्या आमच्या घरात आज माझी ओळख विडी सोडलेला माणूस अशी आहे.

पंप कुंभिवलीकडे, हायवेला. टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतं. तिथे थांबायचं असतं. पण गिऱ्हाईक म्हणतं, "अजून घाल रं, काठापर्यंत." मग टाकीच्या तोंडावर वाकून, आत बघत, थोडं थोडं सोडायचं. उन्हाळ्यात तिथली वाफ डोळ्यांना दिसते, आणि ती सरळ नाकात जाते. थेंबही न सांडता काठोकाठ भरण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि मला त्याची मिजास होती. मास्क दिला होता. तो लावून बोललं की गिऱ्हाइकाला ऐकू जात नाही, म्हणून हनुवटीखाली असायचा.

गेल्या वर्षी कर्जत स्टेशनच्या पुलावर मी मध्येच पायरीवर बसलो. छाती धडधडत होती, श्वास पुरत नव्हता. लोक वळून बघत होते. बरोबर मुलगी होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची. घर येईपर्यंत तिने ठरवूनही टाकलं, "बाबा, पंपाचाच तरास असला तर तुमी पंप सोडा. मी कॉलेज सोडून कंपनीत लागते." ती बोलते ते करते, म्हणून मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी तिने मला डॉक्टरांकडे नेलं. छातीला तारा लावून पट्टी काढली, नळीत फुंकायला लावलं. मी जीव खाऊन फुंकलं, तरी डॉक्टरांचा चेहरा उतरला. म्हणाले, फुफ्फुसं थकली आहेत, हृदयावरही ताण आहे. काम काय करता?

"पंपावर हाय."

"मग त्या वाफांनी..." एवढं त्यांनी म्हटलं आणि मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी घाईघाईने बोललो, "विडी ओढतो साहेब. लई वर्षं. पंपाच्या मागं जाऊन."

मुलीची मान खाली गेली. डॉक्टर चिडले. वाफा बाधतातच, पण आधी विडी बंद करा म्हणाले. बाहेर आल्यावर तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. मी घेतली. बायकोच्या वडिलांना विडीनेच नेलं होतं. मुलीने घरी सांगितल्यावर ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही, नुसतं ताट पुढे सरकवायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. खोट्या व्यसनाची लाज वाटायचीच, आणि ज्या हातोटीची मिजास केली तिची त्याहून जास्त.

कॉलेज चालू आहे. पंपही चालू आहे. नोझल बंद झालं की मी आता थांबतो, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. दम मात्र लागतोच, आणि खोकला आला की मी परसात जातो.

मुलगी रोज संध्याकाळी मला दारातच अडवते. आधी तोंडाचा वास घेते, मग शर्टाची कॉलर नाकाशी धरते.

"नुसता पेट्रोलचा वास हाय," ती म्हणते, आणि खूश होऊन चहा ठेवायला जाते.