जानरावांचं फाटक

जानराव गवई यांनी एकतीस वर्षं बडनेऱ्याजवळच्या रेल्वे फाटकावर नोकरी केली. ट्रकवाले, लग्नाच्या वराती, लाल दिव्याच्या गाड्या, सगळे त्यांच्यासमोर मुकाट थांबले. निवृत्तीनंतर मात्र गल्लीतले चार पोट्टे त्यांना जुमानेनात.

संध्याकाळचे सहा वाजले की प्रीतमची टोळी सायलेन्सर बदललेल्या गाड्या घेऊन बुद्धविहारासमोरून फटाफट फेऱ्या मारायची. विहाराला लागून अभ्यासिका होती. तिची किल्ली जानरावांकडे आणि आत त्यांची नात माधवी. तलाठ्याची परीक्षा वीस दिवसांवर आलेली. मागच्या खेपेला ती दोन गुणांनी हुकली होती, आणि बापाने सांगून ठेवलं होतं, "ह्या खेपीले नाई झालं, तं पोरगा पाहतो."

जानराव आधी गोडीत बोलले, मग ओरडले, शेवटी प्रीतमच्या आईकडे, साधनाबाईकडे गेले.

"काकाजी, या वयात नाई करन तं कवा करन थो?" साधनाबाई मेथी निवडता निवडता म्हणाली. "अन् तुमाले काहून तरास? जनमभर गाड्याच तं ऐकल्या तुमी."

जानरावांचं डोकं सणकलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गल्लीच्या तोंडाशी खांब रोवला, त्यावर लांब बांबू आडवा बसवला आणि त्याच्या एका टोकाला दगडांचा डबा बांधला. तोल असा साधला, की एका बोटाने फाटक वर जावं. नियम एकच : सहा ते नऊ, गाडी बंद करून ढकलत न्यायची.

"काकाजी, पॅसेंजर हाय का मालगाडी?" प्रीतमने हॉर्न दाबला.

"खाली उतर लेका पहिले."

पोट्टे खिदळले, पण उतरले. जानराव खुर्चीत ऐटीत बसले. मागे दूधवाला थांबला, ट्यूशनची व्हॅन थांबली, शेजारच्या गंगूबाईच्या गव्हाची पोती घेऊन आलेला ऑटो थांबला. प्रत्येकाने हॉर्नवर हात ठेवला. जानरावांना त्याचं काहीच वाटलं नाही. फाटक पडलं की हॉर्न वाजायचेच.

तिसऱ्या दिवशी माधवी पुस्तक घेऊन बाहेर आली. डोळे लाल.

"आबा, थे पोट्टे पाच मिनिटं फटफट करून जात होते. तुमचं फाटक तीन तास वाजून राहिलं!"

जानरावांनी पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. मग बांबू उतरवला.

रात्रपाळीची सवय असल्याने त्यांना पहाटे चारला जाग यायचीच. आणि हे पोट्टे नवाच्या आत कधी उठत नसत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चारलाच अभ्यासिकेचं शटर वर केलं. गल्ली चिडीचूप. माधवीने सलग तीन तास गणितं सोडवली. दोन दिवसांनी आणखी सहा जण यायला लागले.

आठवड्याने, सकाळी सातला, साधनाबाई तणतणत आली.

"काकाजी, कायचं शटर आदळता तुमी अंधाराचं? माया प्रीतमची झोपमोड होते रोज!"

जानरावांच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. आत माधवी मान खाली घालून लिहीत होती.

"तेल टाकतो, बाई," ते म्हणाले.

संध्याकाळी ते स्टुलावर चढून शटरला तेल देत होते, आणि मागून प्रीतमची गाडी फटाफट फेऱ्या मारत होती.