फ्रुमेटचा नवरा पडद्यावर सापडला

आज ज्याच्या नावाच्या पाट्या लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत थिएटरांवर झळकतात, तो गेट्झल आमच्या लीड्सच्या लेलँड्स या ज्यू वस्तीतलाच. वयाच्या नवव्या वर्षी मात्र त्याची ख्याती 'कान ओढणारं कार्टं' एवढीच होती. बोलता बोलता डाव्या कानाची पाळी ओढायची खोड होती त्याला. ओढली रे ओढली की त्याची आई फ्रुमेट सुईसकट हात उगारायची. "सोड तो कान! अगदी त्या मेल्यासारखा दिसतोस."

मेला म्हणजे गेट्झलचा बाप, लायबुश. "मी पुढे होतो, महिन्याभरात तुमची तिकिटं पाठवतो," असं सांगून तो न्यूयॉर्कला गेला, तेव्हा गेट्झल दीड वर्षाचा होता. दोन पत्रं आली. पहिल्यात बोटीवर उलट्या किती झाल्या त्याचं वर्णन, दुसऱ्यात तिकडच्या हवेचं. पुढे सात वर्षं ना पत्र, ना पत्ता. फ्रुमेट घरी बसून शिंप्यांच्या कोटांना काजं करायची, आणि काजागणिक एकदा त्याला मेला म्हणायची. पण घोडं तिथेच अडलं होतं. तो मेल्याचा पुरावा नव्हता. आमच्यात नवऱ्याने सोडचिठ्ठी दिल्याशिवाय बाईची सुटका नाही, आणि नवऱ्याचाच ठावठिकाणा नाही म्हटल्यावर सोडचिठ्ठी मागायची कुणाकडे? भिंतीकडे?

आणि सुटका हवी होती हो तिला. कोपऱ्यावरचा मासेवाला आन्शेल, विधुर गडी, पाच वर्षं दर शुक्रवारी तिला सगळ्यांत मोठ्या माशाचं डोकं फुकट देत होता. त्या डोक्याचा अर्थ अख्ख्या गल्लीला कळत होता. बोलायच्या बाबतीत आन्शेल त्याच्या दुकानातल्या मालासारखाच. एकदाच काय ते तोंड उघडलं होतं. "फ्रुमेटबाई, मी थांबेन."

"थांबा बापडे," ती म्हणाली, "थांबायला कुठे पैसे पडतात."

घरी येऊन मात्र ते डोकं समोर ठेवून ती ढसाढसा रडली. गेट्झलने दाराआडून पाहिलं. त्याला आन्शेलकाका बाप म्हणून चालला असता. चालला असता काय, धावला असता.

तर एका मंगळवारी दुपारी शेजारीण त्सिपे धापा टाकत आली. त्सिपे म्हणजे वस्तीचं वर्तमानपत्र. वर्तमानपत्र निदान शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी तरी बंद असतं. जुन्या तबेल्यात हॅलिवेल नावाच्या इंग्रज गृहस्थाने बायस्कोप काढला होता, तिथून ती धावत आली होती.

"फ्रुमेट! अगं, लायबुश दिसला!"

"कुठे?"

"भिंतीवर!"

"गेल्या महिन्यात तुला भिंतीवर रशियाचा झार दिसला होता."

"दिसलाच होता! घोड्यावर बसला होता. अगं बाई, न्यूयॉर्कचा बाजार दाखवतायत, आणि तुझा नवरा एका दुकानाच्या दारात उभा राहून कान ओढतोय!"

फ्रुमेटची सुई काजातच थांबली. गेट्झलने फळीवरच्या डब्यातली पेनी उचलली आणि तो जो सुटला तो थेट तबेल्यात.

बापाचं तोंड त्याला आठवत नव्हतं. घरात फोटो नव्हता. फोटो काढायला लायबुश कधी एका जागी उभा राहिलाच नव्हता. पडद्यावर माणसांची झुंबड, हातगाड्या, कोंबड्या. मग लांब कोट घातलेला एक माणूस एका दुकानाच्या दारात आला. सरळ गेट्झलकडे पाहिलं. डाव्या कानाची पाळी ओढली. इतक्यात आतून एक गुबगुबीत बाई आली, त्याने तिचा हात धरला आणि दोघं गर्दीत दिसेनाशी झाली. दारावर पाटी होती, तीही आमच्याच हिब्रू लिपीत. पण वाचायच्या आत सगळं निघून गेलं.

गेट्झलच्या लक्षात आलं, आपलाही हात कानाला आहे. बाप म्हणजे काहीतरी अचाट असेल असं त्याला वाटायचं. हा तर साधाच निघाला, आणि वर टक्कल पडायला लागलेलं.

संध्याकाळी मायलेक रब्बायांच्या दारात. रब्बाय येखीएल म्हणजे वस्तीचे धर्मगुरू, नियमावर बोट ठेवून चालणारे.

"बायस्कोप? तो रिकामटेकड्यांचा अड्डा!" रब्बाय कडाडले. "त्सिपेच्या सांगण्यावरून मी न्यूयॉर्कला पत्र लिहू? आणि भलत्याच माणसाकडे सोडचिठ्ठी मागितली गेली म्हणजे? मला दुकानाचं नाव हवं, नंबर हवा, आणि डोळ्यांनी पाहिलेले दोन शहाणे पुरुष हवेत."

"लीड्समध्ये? दोन?" फ्रुमेट म्हणाली.

"रब्बाय, तुम्हीच चला ना," गेट्झल मध्येच बोलला. "तो खेळ नाहीच मुळी, साक्ष आहे. साक्षीदार न्यूयॉर्कला असला, त्याला येता येत नसलं, तर भिंतीवर बोलावून घेतला म्हणून काय बिघडलं?"

"साक्ष अंधारात?"

"प्रार्थना करताना तुम्ही डोळे मिटताच की."

रब्बायांनी दाढी कुरवाळली, पुन्हा कुरवाळली. "फ्रुमेट, हे पोरगं एक तर वकील होणार नाही तर तुरुंगात जाणार. उद्या दुपारी येतो."

पण उद्या सकाळीच ती फिल्म ब्रॅडफर्डला रवाना व्हायची होती. गेट्झल पुन्हा पळत हॅलिवेलकडे. हॅलिवेल ऐकेना. नियम म्हणजे नियम.

"साहेब, रब्बाय येतायत," गेट्झल म्हणाला. "ते एकदा आत बसले, की बायस्कोप पाप आहे असं आमचे पुरुष बायकांना कुठल्या तोंडाने सांगतील? सगळी वस्ती येईल."

हॅलिवेलने डोक्यावरची हॅट काढली. "ब्रॅडफर्डला कळवतो, फिल्मला ताप आलाय."

बुधवारी दुपारी कारखान्यांतल्या सुया बंद, इस्त्र्या गार. तबेल्यात मधोमध दोर बांधला, एकीकडे बायका, एकीकडे पुरुष. पुढच्या बाकावर रब्बाय, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन साक्षीदार, एक इस्त्रीवाला, एक पाववाला. आन्शेल दुकानातून तसाच आला होता आणि मागे दाराशी उभा होता; त्याच्या आसपासच्या मंडळींनी नाकाला रुमाल लावले होते.

"आन्शेल, तू साक्षीदार नाहीस हं," रब्बायांनी बजावलं.

"नाही, रब्बाय. मी मासेवाला आहे."

दिवे गेले. बाजार आला, कोंबड्या आल्या, आणि दारात लायबुश आला. बस्स! एकच गिल्ला झाला. "चोर!" "निर्लज्ज!" "लेकराला दूध कोण पाजणार रे?" गुबगुबीत बाई दिसली तेव्हा तर छप्पर उडायचं बाकी राहिलं. त्सिपेने बूट फेकला, तो पडद्याला लागला आणि अख्खं न्यूयॉर्क हेलकावलं. पाटी कुणीच वाचली नाही.

"थांबवा ते! तिथेच थांबवा!" रब्बाय ओरडले.

"थांबवलं तर दिव्याच्या आचेने फिल्म पेट घेते!" मागून हॅलिवेल ओरडला.

दुसऱ्यांदा लावली. या वेळी सगळे गप्प राहिले, पण लायबुश दिसताच खुद्द रब्बायच ताडकन उठून उभे राहिले आणि त्यांच्या हॅटची सावली नेमकी पाटीवर पडली. हॅलिवेल म्हणाला, आता शेवटची, फिल्म झिजतेय.

गेट्झलला रडू फुटायचं तेवढं राहिलं. तो बाकावर चढला. नऊ वर्षांचं पोर, पण आवाज असा लावला की म्हातारेही दचकले. "त्सिपेमावशी, दुसरा बूट इकडे द्या. रब्बाय, माफ करा, खाली वाकून बसा. पाववाले काका, तुम्ही फक्त नाव वाचायचं. इस्त्रीवाले काका, तुम्ही फक्त नंबर. लायबुशकडे कुणी बघायचंच नाही! आणि जो तोंड उघडेल तो बाहेर, मग ती बाई कोण हे त्याला जन्मात कळणार नाही."

त्या धमकीने काम केलं. एवढी शांतता आमच्या वस्तीने उपासाच्या दिवशीही पाहिली नव्हती.

"झिस्मन, हेरिंग मासळी आणि लोणची," पाववाला म्हणाला.

"एकसष्ट," इस्त्रीवाला म्हणाला.

सगळ्यांच्या माना फ्रुमेटकडे वळल्या. ती ताठ बसली होती. "तोच," ती म्हणाली. "माझ्या हातची हेरिंग नको म्हणून ताट सारायचा, आता तीच विकतोय. आणि अंगावरचा कोट माझ्या बापाचा. सात वर्षं झाली, अजून टिकलाय. बापाला निवड चांगली जमायची. कोटाची."

हशा पिकला. रब्बायांनीही खोकल्यासारखं काहीतरी केलं. हॅलिवेल एवढ्या गर्दीने खूश झाला होता, आणि खुशीत आला की तो गमतीने हँडल उलटं फिरवायचा. तसं त्याने फिरवलं.

गर्दीतून लायबुश मागे मागे यायला लागला. त्या बाईचा हात त्याच्या हातातून सुटला, ती उलट्या पावलांनी दुकानात शिरली. दारात तो एकटाच उरला, समोर बघत, परत आल्यासारखा. सगळी वस्ती हसून लोळत होती. गेट्झल पडद्याकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. तिचा हात तिच्या नकळत पुढे झाला होता. मग तिने तो ओढून मांडीवर घट्ट धरला.

"हे उलटं साक्षीत धरायचं नाही," रब्बाय म्हणाले.

"नाहीच धरायचं," फ्रुमेट म्हणाली. "गेट्झल, बंद करायला सांग त्याला."

पत्र गेलं. वल्हांडण सण सरल्यावर सोडचिठ्ठी आली, आणि त्याच उन्हाळ्यात आन्शेलशी लग्न झालं. जेवणात अख्खा मासा होता, नुसतं डोकं नव्हे.

वीस वर्षांनी गेट्झलने लंडनमध्ये स्वतःच्या पैशाने काढलेला पहिला चित्रपट लागला. पहिल्या रांगेत फ्रुमेट आणि आन्शेल. शेवटच्या प्रसंगात घर सोडून गेलेला नवरा बर्फातून परत येतो, दार ठोठावतो. बायको कडीला हात घालते. सगळ्या थिएटरात मुसमुसणं चाललेलं, आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "अगं वेडे, उघडू नकोस! न्यूयॉर्कला लोणच्याचं दुकान असेल मेल्याचं!"

लोक हसले, मग पुन्हा रडायला लागले. बाहेर आल्यावर गेट्झलने घाबरत घाबरत विचारलं, "आई, शेवट नाही आवडला?"

फ्रुमेटने आन्शेलच्या रुमालाने नाक पुसलं. रुमालाला अजूनही माशाचा वास होता.

"आवडला रे," ती म्हणाली. "खोटा आहे, पण आवडला. कान सोड."