डॉक्टरकाकांची चाकावरची प्रॅक्टिस

आमचे काका चौतीस वर्षं दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद केला तेव्हा त्यांनी खुर्ची विकली, मोठा दिवा कुणाला तरी देऊन टाकला, पण हत्यारांची पेटी काही सोडली नाही.

"आता ही कुणाच्या तोंडात घालणार?" काकूने विचारलं.

आठवड्याभरात टेम्पोतून कुंभारकामाचं जुनं विजेचं चाक आलं आणि मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी ठाण मांडून बसलं.

"मी भांडी करणार," काकांनी जाहीर केलं. "माती ओरडत नाही, चावत नाही आणि 'आ करा' म्हणून विनवावंही लागत नाही."

विनवावं लागत नसलं तरी सवय थोडीच जाते! फिरत्या गोळ्यात अंगठा खुपसताना काका हमखास पुटपुटायचे, "जरा मोठा... अजून थोडा... शाब्बास, झालंच." गोळा बिचारा एका बाजूला कलायचा आणि फतकल मारायचा.

दुकानात कुंभारकामाच्या हत्यारांचा संच मिळत होता. काकांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला. "यातलं निम्मं माझ्याकडे आहेच," ते म्हणाले. ते खरंच होतं. दातावरचं कीटण खरवडायचा आकडा नक्षी कोरायला फक्कड चाले. सुई बुडात खुपसून जाडी मोजता येई. तयार भांडं चाकावरून कापून काढायला बारीक तार लागते, तिथे काका दातांच्या फटी साफ करायचा दोरा वापरत. तो पुदिन्याच्या वासाचा होता. त्यामुळे भांडी वाकडी निघाली तरी त्यांच्या बुडाला वास मात्र छान येई.

उरलेलं निम्मं सामान स्वयंपाकघरात होतं.

"अहो, लाटणं कुठंय?"

"ऑपरेशनमध्ये आहे. मातीची पोळी लाटतोय."

"आणि चाळणी?"

"तीही आत आहे. भेटायला थांबावं लागेल."

तिसऱ्या दिवशी काकू बाजारात गेली. लाटणं, चाळणी, स्पंज आणि दोन बादल्या असं सगळं नवं घेऊन आली आणि प्रत्येकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. "ठिपका असेल ते तुमचं. बिनठिपक्याच्या वस्तूला हात लावलात, तर तुमच्या पेटीतल्या पकडीने मी अक्रोड फोडीन." काका हादरले. तेव्हापासून स्वयंपाकघरात शांतता नांदू लागली.

घोळ झाला तो प्लास्टरमुळे. चाकाखाली सांडलेली ओली माती वाळवून परत वापरता येते. त्यासाठी प्लास्टरची लादी चांगली, कारण ती पाणी शोषून घेते. दातांचे ठसे भरायचं प्लास्टर काकांकडे अर्धं पोतं पडून होतं. त्यांनी ते कालवलं, ताटात ओतलं, लादी झकास जमली. मग उरलेल्या प्लास्टरची बादली त्यांनी बाथरूमच्या बेसिनमध्ये विसळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिन काठोकाठ भरलं आणि पाणी जागचं हलेना. प्लंबरला बोलावलं. उंच, धिप्पाड माणूस. तो बेसिनखाली आडवा झाला, वाकडा पाइप सोडवला, दोनदा हातोडी मारली आणि आतून पांढराशुभ्र, दगडासारखा, हत्तीच्या सोंडेच्या आकाराचा तुकडा बाहेर काढला.

"डॉक्टर, हे काय आहे?"

काकांनी तुकडा दोन्ही हातांत घेतला. डोळे चमकले. "काय ठसा आलाय! बघा, एक बुडबुडा नाही! चौतीस वर्षांत इतका स्वच्छ ठसा नाही आला."

"डॉक्टर, हा तुमच्या घराचा पाइप आहे."

"म्हणून काय झालं?"

प्लंबरने काकूकडे पाहिलं. काकूने छताकडे पाहिलं.

शेवटी प्लंबरने नियम घालून दिला: हात, हत्यारं सगळं बादलीतच धुवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, आणि प्लास्टर सुकलं की खरवडून कचऱ्यात टाकायचं. नळीत काहीही सोडायचं नाही. जाता जाता त्याला चाक दिसलं. "बसून बघू का?" बसला, गोळा थापला, त्या रुंद तळहातांनी दाबला, आणि काकांना महिनाभर न जमलेला गोळा पहिल्याच फटक्यात मधोमध गरगर फिरू लागला. दहा मिनिटांत सुबक वाडगा तयार.

"नवशिक्यांचं नशीब असतं," काका म्हणाले आणि त्यांनी चाकाचा प्लग काढून टाकला.

सगळी भांडी नीट वाळल्यासारखी वाटली तेव्हा काकांनी ती भाड्याने भट्टी लावून देणाऱ्या बाईंकडे नेली. प्लंबरचा वाडगाही नेला, मोठ्या मनाने. बाईंनी काकांचा रांजण उचलून पाहिला. "बूड फार जाड आहे. आत ओल असेल. अजून आठवडाभर वाळू द्या, नाहीतर फुटेल."

"माझं निदान वेगळं आहे," काका म्हणाले.

"भट्टीत निदान चालत नाही," बाई म्हणाल्या. पण काका हट्टाला पेटले आणि बाईंनी हात टेकले.

रांजण फुटला. फुटताना शेजारच्या वाडग्यालाही घेऊन गेला. काका ठिकऱ्यांचा डबा घेऊन स्वतः प्लंबरच्या दुकानी गेले. मी सोबत होतो. काका डबा पुढे करून म्हणाले, "माझ्यामुळे तुमचा वाडगा फुटला. चूक झाली. माफ करा."

प्लंबरने हातातला पाना खाली ठेवला. "डॉक्टर, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही माझी डावीकडची चांगली दाढ उपटलीत आणि किडलेली उजवीकडची ठेवलीत. तेव्हा माफी मागितली नव्हती."

काका लालेलाल झाले. "डावीकडची... माझी डावी की तुमची डावी, हा घोटाळा... तिच्याबद्दलही माफ करा."

"दाढेचं राहू द्या, तिकडून चावायची सवय गेलीय. वाडग्याचं बोला. माती आहे का घरी?"

त्या रविवारी प्लंबर आमच्या बाल्कनीत चाकावर बसला होता. काका शेजारी स्टुलावर बसून बुडाची जाडी सुईने मोजत होते आणि दर दोन मिनिटांनी विचारत होते, "दुखत नाही ना?"