दोन विषयांचं सत्र

तळेगावजवळच्या इंदुरीहून मुंबईच्या विमानतळाकडे निघालो तेव्हा माझे वडील, आबा, पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागे आई आणि मी. उर्से टोलनाका मागे पडला. मग आबा मान न वळवताच म्हणाले, "तितं नोकरी लागंस्तोवर माघारी फिरायचं न्हाई. आमची काळजी करायची न्हाई." मी हो म्हटलं. कॅनडातल्या कॉलेजात सप्लाय चेनचा कोर्स, मग वर्क परमिट, मग नोकरी. रस्ता सरळ दिसत होता.

ब्रॅम्प्टनच्या त्या बेसमेंटमध्ये माझ्याबरोबर राहिलेल्या मुलींनो, माझं परमिट नाकारलं गेलं हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं नाही.

तिसऱ्या सत्रात आबांची बायपास ठरली. मी एकुलती एक. फोनवर आई "नको येऊस" म्हणाली, पण ती ज्या आवाजात म्हणाली, तो ऐकून कुणीही आलं असतं. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी समजुतीनं सांगितलं, दोनच विषय ठेव, ऑनलाइन कर, बाकीचे नंतर. मी आले. आबा बरे झाले, मी परत गेले, राहिलेले विषय चांगल्या मार्कांनी काढले. आणि परमिट नाही. का, तर शेवटचं सोडून प्रत्येक सत्र फुल-टाइम हवं. दोन विषय म्हणजे पार्ट-टाइम.

कॉलेज म्हणालं, विषय कमी करायला आमची हरकत नव्हती, परमिटचं इमिग्रेशन बघतं. इमिग्रेशन म्हणालं, कॉलेजची हरकत नसेल, आमचा नियम वेगळा. दोन्हीकडची माणसं सभ्य, दोन्हीकडे 'सॉरी'. भांडायलासुद्धा कुणी समोर येत नव्हतं. माझ्या नोट्स वाचून पास झालेल्या तुम्हा सगळ्यांना परमिट मिळालं. तुमचा राग आला नाही असं म्हणणार नाही.

परत आल्यावर घरी मी सांगितलं, तिकडचे नियम बदलले. खरं कारण आबांना कसं सांगणार? पण गावात जो तो त्यांनाच विचारायचा, "पोरगी माघारी का आली?" शेवटी मला न सांगता ते तळेगावला गेले, मला पाठवणाऱ्या एजंटशी भांडायला. एजंटनं त्यांना बसवून, पाणी देऊन, माझी फाइल काढून सगळं नीट समजावून सांगितलं.

आबा परतले ते चप्पल न काढता ओट्यावरच बसले. आई आणि मी दोघी बाहेर आलो.

"माझ्यापायी झालं व्हय?"

मी त्यांची चप्पल काढायला वाकले.

"मंग आलीस कशाला? मी सांगितलं व्हतं न्हवं, फिरायचं न्हाई म्हणून? हितं काय मान्सं न्हवती?"

"तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर आणि मी तिकडं परीक्षा देत बसू?" मी ओरडलेच. आबांवर मी कधी आवाज चढवला नव्हता. "त्यांच्या नियमात बाप बसत नाही, तर मी काय करू?"

"बास करा दोघं," आई म्हणाली. "जिवंत हायसा म्हणून भांडताय."

आता मी जवळच्या नवलाख उंबरे गावात एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये आहे. काम तेच, जे तिकडं करणार होते. राग गेलेला नाही. तो नियम मी अजून उघडून वाचते. फोनवर तुमच्यातली कुणी म्हणते, "तू नशीबवान, घरी आहेस," तेव्हा फोन ठेवावासा वाटतो. घर मी निवडलं नव्हतं. मी फक्त एकदा येऊन जाणार होते.

आबांचाही राग गेलेला नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी माझ्याबरोबर स्टॉपपर्यंत येतात. वाटेत बोलत नाहीत. कंपनीची बस दिसली की मात्र दुसरीकडे बघत विचारतात, "सांच्याला येशील न्हवं?"

इथं येण्यासाठी मला कुणाची परवानगी लागत नाही, एवढंच सध्या मला घराबद्दल सांगता येतं.

"येते, आबा," म्हणते आणि बसमध्ये चढते.