देवीला कोर्स विचारायचा राहिला

हिरामणच्या घरात आभार मानायचं एकच माप होतं, ते म्हणजे गोणी. कासू स्टेशनवर उतरून पश्चिमेला चालत सुटलं आणि पायाखालची माती पांढरी व्हायला लागली, की त्याचं गाव आलं असं समजायचं. हिरामण मिठागरात कामाला होता. हंगाम संपताना मालकाकडून घरापुरतं मीठ मिळायचं, त्यातली एक गोणी बाजूला निघायची आणि दिवाळीला पेणला सगुणा सिस्टरच्या दारात जाऊन पडायची. सगुणा सिस्टर एकट्या राहत. एकटं माणूस वर्षभरात किती मीठ खातं, हा विचार हिरामणला कधी शिवला नाही, आणि सिस्टरनीही तो त्याच्या डोक्यात घातला नाही. त्या गोणी ठेवून घेत, त्याला चहा देत, आणि पुढचे कित्येक आठवडे दवाखान्यातल्या आयांना मीठ न्यायला घरून डबे आणायला सांगत. ब्लडप्रेशरच्या पेशंटना मीठ कमी खा म्हणून दटावणाऱ्या बाईंच्या मोरीशेजारी मिठाचा असा साठा होता, की एखाद्या किराणा दुकानदाराला हेवा वाटावा.

गोणीचं कारण हौसा, म्हणजे हिरामणची बायको. धाकटा जितेश झाला त्या दुपारी तिचं बाळंतपण घरीच झालं, सगळ्यांचं होत असे तसंच. हिरामणची आत्या धोंडुबाई ही गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जगात आलेलं, त्यामुळे निम्म्या गावाला ती अरेतुरे करी आणि उरलेल्या निम्म्याला वयाच्या जोरावर. मूल नीट आलं, वारही पडली, पण रक्त थांबेना. धोंडुबाईला येत होतं ते सगळं तिनं केलं. मग ती बाहेर येऊन म्हणाली, "हिरामण, माझं संपलं. गाडी बघ."

हे वाक्य वेळेवर म्हणता येणं ही मोठी विद्या आहे. भल्याभल्यांना ते आयुष्यभर जमत नाही.

जीप मिळाली, पेण आलं. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. ड्यूटीवरच्या सगुणा सिस्टरनी हौसाचं गर्भाशय दोन्ही हातांत दाबून धरलं आणि डॉक्टर मोकळे होईपर्यंत सोडलं नाही. मधे त्यांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या टोकावर येऊन टपकत होता, तो पुसायलाही हात काढला नाही. हे इतक्या बारकाईनं सांगता येतं, कारण हौसाची थोरली लेक, आठवीतली निशिगंधा, तान्ह्या भावाला घेऊन दारातच उभी होती आणि गडबडीत तिला बाहेर हो म्हणायचं सगळे विसरले. हौसा वाचली. निशिगंधानं त्या दिवशी ठरवलं की आपल्याला हे करायचंय. हे म्हणजे नक्की काय, याला कुठला कोर्स असतो, ते तिला माहीत नव्हतं.

त्र्याण्णव साली ती पेणहून बारावी सायन्स झाली. जीवशास्त्रात बरे मार्क होते, भौतिकशास्त्रात काठावर पास. नर्स व्हायचं म्हणाली तेव्हा हिरामणची काही हरकत नव्हती, पण गावातल्या पोरीनं शिकायला बाहेर जाऊन राहायचं, ही गोष्ट एकट्या बापानं ठरवण्यातली नव्हती. असली गोष्ट देवीला विचारतात. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हे काम दाजी गुरवाकडे.

दाजीनं विचारलं, "काय घालायचं देवीला? नीट सांग. मागनं कुरकुर नको."

हिरामण म्हणाला, "आमच्या पोरीला नर्सच्या कोर्साला पाठवायची हाय. पाठवू का नको?"

उजवी पाकळी लगेच पडली. दाजी म्हणाला, "घे. देवीला घाई हाय तुझ्यापेक्षा." हिरामण पेढे वाटत घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो पेणला चौकशीला गेला, आणि संध्याकाळी परतला तो थेट देवळात. त्याला कळलं होतं की कोर्स एक नसून तीन आहेत. एक ए.एन.एम.चा, दीड वर्षांचा, अलिबागला. तो केला की गावागावांतल्या उपकेंद्रांत नेमणूक. दुसरा जी.एन.एम.चा, साडेतीन वर्षांचा, मुंबईला एका धर्मादाय इस्पितळात. तिसरी बी.एस्सी. नर्सिंगची डिग्री, चार वर्षं, सगळं इंग्रजीत.

"दाजी, पुन्हा कौल लाव. कुठला कोर्स ते विचारायचं राहिलं."

"एका बाबीला एकच कौल. आता पुढल्या जत्रेनंतर."

"अरे पण ही बाब वेगळी हाय."

"बाब तीच. पोर तीच, नर्स तीच. तू अर्धंच विचारलंस, त्याला देवी काय करणार? ती होय म्हणाली. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

गावाच्या इतिहासात असा प्रसंग पहिलाच असावा, की देवीनं परवानगी दिली आणि तपशील माणसांवर सोडला. गावात ज्यांना पोरीचं बाहेर जाणं पसंत नव्हतं त्यांची आता पंचाईत झाली, कारण नको म्हणायची सोय देवीनंच बंद केली होती. मग त्यांनी आपलं सगळं बळ कुठल्या कोर्साला जावं यावर मत देण्यात लावलं.

गावाचं मत दीड वर्षाच्या बाजूनं होतं, आणि त्याला कारण होतं. गावाला उपकेंद्राची इमारत होती, रंग दिलेली, पाटी लावलेली, फक्त आत सिस्टर नव्हती. ओटीवर एक शेळी बांधलेली असे, तिची उपस्थिती मात्र चोख होती. दीड वर्षात आपलीच पोर सिस्टर होऊन येते आणि शेळीला निराळी जागा बघावी लागते, हे सगळ्यांना पटलं. हिरामणनं चावडीवर चारचौघांत सांगून टाकलं, "पोर दीड वर्षात परत येल. माझा शब्द." निशिगंधाला हे त्या चौघांकडून कळलं.

पेणच्या कॉलेजातले कमळाकर सर डिग्रीच्या बाजूनं. "डिग्री ती डिग्री," ते म्हणाले. "उद्या तू नर्सना शिकवशील." सर स्वतः एम.एस्सी. करून बारावीच्या पोरांना बेडूक कापायला शिकवत, तेव्हा त्यांना हे आकर्षक का वाटावं ते समजण्यासारखं होतं.

निशिगंधा मात्र दीड, साडेतीन आणि चार यांच्या मधे उभी होती. तिला तिन्हींतला एकच फरक जाणून घ्यायचा होता: त्या दुपारी दारातून पाहिलं ते कुठं शिकवतात? कारण चुकीच्या दारातून आत गेलं, की पुन्हा दुसऱ्या दारातून पाठवणारं तिच्या घरात कुणी नव्हतं. ती पेणला गेली. दिवाळी लांब होती तरी हिरामणनं गोणी दिलीच, कारण रिकाम्या हातानं सिस्टरकडे जातात हे त्याला माहीत नव्हतं.

सगुणा सिस्टरनी गोणीकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि विचारलं, "तुला काय करायचंय ते आधी सांग. कोर्स मग बघू."

"तुम्ही आईला केलंत ते."

"अगं, तिन्हीकडं शिकवतात ते. पुस्तकात तेच चित्र असतं."

"मग फरक काय?"

सिस्टरनी गोणी मोरीशेजारी सरकवली. मग म्हणाल्या, "डिग्री केलेल्या मुली हुशार असतात, पण त्यांना लवकर खुर्ची मिळते. खुर्चीत बसून पोट दाबता येत नाही. आणि ए.एन.एम. बाईला हेच गावात एकटीला करावं लागतं. डॉक्टर नाही, रक्त नाही, पलीकडं उभं राहायला दुसरी सिस्टर नाही. तिचं काम माझ्याहून अवघड. तू आधी मुंबईला साडेतीन वर्षं वॉर्डात चारजणींत शिक. हात चुकला तर ओरडणारं कुणीतरी शेजारी पाहिजे. एकटी हो, पण नंतर."

"बाबांनी गावाला दीड वर्षाचा शब्द दिलाय."

"मग ते तुझ्या बाबांना विचार. मला मिठातलं कळतं, शब्दातलं नाही."

निशिगंधानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा हिरामण उठून ओटीवर जाऊन बसला. खाऱ्या जमिनीतल्या गावात शब्द ही हलकी वस्तू नसते. समुद्राच्या बाजूचा बांध फुटतो, त्याला तिथं खांड पडणं म्हणतात. खांड पडली की दर घराचा एक माणूस चिखल घेऊन हजर होतो, तो केवळ येतो म्हणाला होता म्हणून. ज्या घराचा माणूस येत नाही, त्या घराकडे मग कुणी बघत नाही. 

बोलली ती धोंडुबाई. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दीड वर्षानं निशिगंधा आली की आपण सुटलो, असं ती सगळ्यांना सांगत होती. ती काठी टेकत चावडीवर गेली. हिरामण मागोमाग.

"काय रे, दीड वर्षात कोण येनार म्हणून बसलाव?"

एकजण म्हणाला, "हिरामणनं शब्द दिलाय, आते."

"हिरामणनं कधी बाळातपण केलाय? शब्द त्यानं दिला, काम माझा हाय. पोर साडेतीन वर्षं शिकल. तवर मी हाय."

"तुला दिसत नाय, आते."

"पोराला बाहेर यायचा रस्ता पोराला ठाव असतो. मला नाय दिसला तरी चालतं. आन माझं संपलं की सांगेन मी, गाडी बघा म्हणून. तवर कुरकुर नको."

चावडीवरच्या बहुतेकांना तिनं नागडं पाहिलं होतं, आणि पहिला फटका मारून रडवलंही होतं. पुढं चर्चा झाली नाही.

मुलाखतीला मुंबईला हिरामण बरोबर गेला. मेट्रननी निशिगंधाला विचारलं, "बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल, तर काय कराल?"

ती म्हणाली, "दाबून धरायचं, आणि ओहोटीची वाट बघायची."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की दुसरं अर्धं इथलं नव्हे. खांड पडली की माणसं तोंडाशी उभी राहून चिखल दाबून धरतात, आणि पाणी आपोआप उतरायची वाट बघतात, ते तिथलं होतं. मेट्रननी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली. परतीच्या वाटेवर ती रडली नाही, नुसती तेच उत्तर पुटपुटत राहिली. हिरामणला वाटलं, पोरीला भूक लागली असेल. त्यानं वडापाव घेतला.

तिची निवड झाली. शिक्षण संपताना तिनं धीर करून मेट्रनना विचारलं, की त्या उत्तरावर मला घेतलंतच कसं. मेट्रन म्हणाल्या, "पहिलं अर्धं बरोबर होतं. ओहोटी आपोआप येत नाही, ती आणावी लागते; त्या दुसऱ्या अर्ध्यासाठीच तर आम्ही पगार घेतो."

धोंडुबाईनं शब्द पाळला, आणि त्यात दोनदा गाडीही बघायला लावली. मधल्या काळात उपकेंद्राला वर्ध्याकडच्या एक सिस्टर मिळाल्या. त्यांना खाडीचे डास आणि गावाची भाषा दोन्ही सारखीच झोंबली, तरी त्या टिकल्या. निशिगंधाला नोकरी लागली रोह्याच्या दवाखान्यात. म्हणजे जिच्यासाठी गावानं इतकी वाट पाहिली, ती गावाला मिळालीच नाही. तिला ते लागून राहिलं होतं. तिनं धोंडुबाईला तसं म्हटलं, तर म्हातारी म्हणाली, "रोह्यात काय बायका नसतात गो?"

असतात. अठ्ठ्याण्णव साली आतल्या गावातून काळुराम नावाचा शेतकरी सुनेला घेऊन आला. बाळंतपण घरी झालेलं, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर वाटेत होते. निशिगंधानं शेजारच्या सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं आणि दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरलं. काही वेळानं हाताखाली ते घट्ट होत गेलं, एखाद्या चेंडूसारखं. दाराशी उभ्या काळुरामनं विचारलं, "थांबलं का, सिस्टर?"

"ओहोटी लागली," ती म्हणाली.

काळुराम भाताचा आणि वालाचा शेतकरी. समुद्र त्यानं फारसा पाहिलेला नव्हता. त्याला काही कळलं नाही, पण तिच्या आवाजावरून तो खाली बसला.

हंगामात तो आला तेव्हा त्याच्या खांद्यावर वालाची गोणी होती. निशिगंधा म्हणणार होती, काका, मी एकटी राहते, एवढ्या वालाचं काय करू. वाक्य तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. सगुणा सिस्टर इतकी वर्षं काय गिळत होत्या ते तिला त्या क्षणी कळलं. तिनं गोणी आत घेतली आणि चहा ठेवला.

दिवाळीच्या रजेला ती निम्मे वाल घेऊन पेणला गेली. सगुणा सिस्टर निवृत्त झाल्या होत्या, गुडघे धरून बसत. मोरीशेजारी गोणी होतीच, हिरामण त्याच आठवड्यात येऊन गेला होता. निशिगंधानं वाल भिजवले, मोड आणले, दुसऱ्या दिवशी बसून सोलले, ओलं खोबरं घालून उसळ केली. धोंडुबाई, देवीचा तो अर्धवट कौल, मेट्रन, चावडी, सगळ्यांबद्दल दोघी बोलत राहिल्या. निशिगंधा म्हणाली, "बाबांनी त्या दिवशी पुरं विचारलं असतं तर देवीनं दीड वर्षच सांगितलं असतं. सगळं गाव मागं उभं होतं."

"म्हणून तर ती गप्प बसली," सगुणा सिस्टर म्हणाल्या, आणि पहिला घास घेतला. सावकाश चावला. मग मोरीकडे बोट केलं.

"मीठ कमी पडलंय गो."