पैऱ्याचे सहा पेरू

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी अभनपूरच्या अलीकडे जमिनीचा तुकडा घेऊन पेरू लावले; ते त्यांना जाम म्हणायचे. अर्ध्या ओळींत ते झाडांच्या बुडाशी पैरा, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, वीतभर जाड अंथरायचे. उरलेल्या ओळी उघड्या. पैऱ्याची फळं जास्त कसदार असतात, हे त्यांचं ठाम मत. शेजारचे शेतकरी हसायचे, आणि खरं सांगायचं तर मीही.

मी तेव्हा नव्या रायपुरात एका प्रयोगशाळेत फळं तपासायचे. तिथले रस्ते ऐसपैस, बस मात्र मोजक्याच. त्यातल्याच एका बसनं बाबा एका हिवाळ्यात दोन पिशव्या घेऊन आले. दोन्हींत सहा-सहा पेरू, पुसून लख्ख केलेले.

"तपासून दे वं बाई. एकदाचं समजून जाऊ दे."

मी रस काढला, गाळला, निळं द्रावण थेंब थेंब टाकत गुलाबी छटा टिकेपर्यंत मोजलं. क जीवनसत्त्व दोन्हींत जवळजवळ सारखंच निघालं. कागद हातात देऊन मी साहेबी आवाजात तसं सांगितलं. त्या आवाजाची मला तेव्हा फार हौस होती.

"म्हंजे फरक नाही?"

"नाही."

जन्मभर सगळ्यांशी हुज्जत घातलेल्या माणसानं तो कागद मात्र घडी घालून खिशात ठेवला. त्या वर्षी त्यांनी नवा पैरा घेतलाच नाही. जुना गोळा करून बांधापलीकडे टाकला.

मे महिन्यात बागेत गेले तर सगळ्याच ओळींची माती भेगाळलेली, पानं वळलेली. बाबा बादलीनं पाणी घालत होते. बोलता बोलता म्हणाले, "पैऱ्याचे सहा जाम तं एकाच झाडावर भेटले होते. उघड्या ओळीत सहा बरे जाम शोधाले अख्खी ओळ हिंडलो."

"बरे कायले शोधले? हाताले येतीन ते तोडाचे होते!"

"तुह्या हापिसात किडकं-खुरटं घेऊन येऊ? तुही काय इज्जत राहिली असती?"

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"तू कुठी इचारलं?"

फळं कशी तोडली, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला प्रश्न. परक्या शेतकऱ्याला मी तो दोनदा विचारायचे. बाबांच्या तपासणी-अर्जावर मात्र तो रकाना न विचारताच मी भरला होता, 'सरसकट, न निवडता'. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तो कागद चुकीचा आहे. चूक माही आहे. पैरा टाका परत."

त्यांनी बादली खाली ठेवली नाही. "तूच लिहिला नं तो? मंग बरोबरच असन," म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडे गेले.