भिंतीतली करडी नळी

मी संशयी आहे हे मी कधी नाकारलेलं नाही. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांची उलटतपासणी घेऊन झाली आहे. त्यामुळे खालच्या मजल्यावरची शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काकू, आमच्या बेडरूमच्या छताला ओल आलीये, बरोबर तुमच्या बाथरूमखाली," तेव्हा मला पहिला संशय तिचाच आला. दिवाळीच्या आधी तिनं घराला रंग दिला होता. काम बिघडलं असणार, आणि आता आळ वरच्यांवर.

"अगं, तुझा रंगारी कच्चा निघाला असेल."

"रंगाऱ्यानं छतातून पाणी कसं काढलं, काकू?"

इतकी वर्षं वारज्यात माझ्या खाली राहून तीही तयार झाली आहे.

पण प्रश्न रंगाचा नव्हता. त्या खोलीत तिचे सासरे झोपायचे. वय ऐंशीच्या पुढे, त्यात दमा. बुरशीच्या वासानं धाप लागायला लागली म्हणून त्यांची कॉट हॉलमध्ये आणली होती, टीव्ही आणि चपलांच्या कपाटाच्या मधे. मी पाहायला गेले तर म्हणाले, "या. पाणी पाठवता तेवढं पुरे होतं, स्वतः कशाला आलात?"

मी हसले आणि आतल्या खोलीत गेले. छताचे पोपडे सुटले होते. खुर्चीवर चढून हात लावणार, तेवढ्यात एक थेंब मनगटावर पडला. कोमट होता.

मी खुर्चीवरून उतरले. "काय वाटतं, काकू?" तिनं विचारलं. "बघावं लागेल," एवढंच म्हणून मी वर आले.

कोमट पाणी कुठून येतं ते मला चांगलं ठाऊक होतं. वीसेक वर्षांपूर्वी सोसायटीनं गच्चीवर सोलर बसवला. तेव्हा प्लंबर म्हणाला होता, "बाई, भिंतीतली ही करडी नळी गार पाण्याची. गरम पाण्यानं मऊ पडते, सांध्यातून सुटते. वेगळी नळी येते त्याला, ती टाकू."

त्या वेळच्या बाईसाहेब, म्हणजे मी! कमरेवर हात, कपाळावर आठी. आपल्याला कोणी फसवू शकत नाही या समजावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. नळी ती नळी, तिला काय कळतंय आत गार आहे की गरम! हा नक्की टाइल्स फोडून काम वाढवणार. आमचे हे म्हणाले, "तो रोज तेच करतो, त्याला कळत असेल." मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा." आणि सोलरचं पाणी त्याच करड्या नळीला जोडून घेतलं. वर आठवडाभर शेजारणींना सांगत फिरले की, मी कशी बधले नाही.

एवढं सगळं आता खाली जाऊन सांगायचं? छे. मी लिफ्टनं गच्चीवर गेले आणि आमच्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून आले. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायला लागले. चार दिवसांत शेजारीण वर आली. "काकू, थेंब थांबले! काही केलंत का?"

"मी काय करणार? हवा कोरडी आहे सध्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मागे गॅसवरच्या पातेल्याकडे पाहिलं. आणि खाली गेली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी खाली डोकावले तर कॉट अजून हॉलमध्येच. "आत का नाही नेली?" मी विचारलं.

"कशी नेणार?" तिचा नवरा म्हणाला. "का थांबलं तेच माहीत नाही. पुन्हा सुरू झालं तर बाबांना परत उचलायचं?"

म्हातारबुवा चपलांच्या कपाटाशेजारी दम्याचा पंप ओढत बसले होते. मी तिथेच स्टुलावर बसले आणि सगळं सांगून टाकलं, नळी, सोलर, व्हॉल्व्ह, हवा कोरडी असल्याचंसुद्धा.

"पातेलं बघितलं तेव्हाच मला शंका आली होती," शेजारीण म्हणाली.

सासऱ्यांनी पंप खाली ठेवला. "हे सांगायला पाच दिवस?"

माझ्या बाथरूमची भिंत फोडली. नवा प्लंबर काम करत होता आणि मी स्टूल टाकून पहारा देत होते, सवय जात नाही. "गार पाण्याची लाइनही तेवढीच जुनी आहे, आजी," तो म्हणाला. "कशावरून खराब?" मी विचारलंच. त्यानं तुकडा कापून माझ्या हातात दिला. अंगठ्यानं दाबला तर खारी बिस्किटासारखा मोडला. "दोन्ही बदला," मी म्हटलं.

छत वाळल्यावर, रंग लागल्यावर कॉट आत न्यायची ठरली. सासरे अडून बसले. "आधी यांना वर जाऊन गरम पाणी सोडू दे. मी खाली बसून बघतो. यांचा भरवसा नाही."

वर जाऊन मी त्या दिवशी दुसऱ्यांदा आंघोळ केली, चांगली दोन बादल्या. खाली ते खुर्चीत मान वर करून बसले होते. केस पुसत खिडकीतून मी ओरडले, "काय हो, आहे का काही?"

"अजून दहा मिनिटं," खालून आवाज आला.